घरचा नंबर

क्रांती थळे हिला एक खोड होती. बिघडलेली वस्तू चालू झाली एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. ती बिघडली का, हे कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. नागावात ज्यांनी ज्यांनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, त्यांचं वायफाय बंद पडलं की क्रांतीला हाक जायची. ती यायची, बघता बघता वायफाय चालू करायची आणि मग तासभर घराभोवती वायरीच्या मागे मागे फिरायची. "अगो, चालू झालाय ना, मग जा की घरी," असं लोक म्हणायचे. पण छे! उंदराने वायर नेमकी कुठे कुरतडली ते बघितल्याशिवाय ही बाई कसली जातेय.

तर झालं असं की अलिबागेतल्या एका सरकारी कार्यालयात 'तांत्रिक सहाय्यक, संगणक' अशी एक जागा निघाली. कार्यालयातले संगणक, प्रिंटर, वेबसाइट, सगळं सांभाळणारा माणूस हवा होता. क्रांतीने हेच काम नवी मुंबईत एका कंपनीत केलं होतं, कानाला हेडफोन लावून, तोंडही न बघितलेल्या लोकांचे पासवर्ड बदलून देत. चौघींत एक खोली, डब्याचं जेवण, आणि सणाला घरी यायचं तरी मॅनेजरच्या विनवण्या. कंटाळून परत आली होती. घरी आई एकटी, आवडाबाई. नारळाची वाडी, तीन खोल्या आणि दुखरे गुडघे. सकाळी मिनिडोर रिक्षाने अलिबागला जावं, संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातची भाकरी खावी, आणि काम मात्र आपल्या आवडीचं असावं, एवढंच क्रांतीला पाहिजे होतं. ही नोकरी तिला जीव तोडून हवी होती.

अर्ज ऑनलाइन होता. ती भरायला बसली तशी आवडाबाई पाठीशी येऊन उभी राहिली. 'दूरध्वनी क्रमांक' अशी चौकट आली.

"घरचा नंबर घाल," आवडाबाई म्हणाली.

"आये, आता कोण घरचा नंबर देतो?"

"मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, रिचार्ज संपतो. घरचा नंबर कवा घर सोडून गेलाय का? बाहेर पाटीवर रंगवलाय, तोच घाल."

गावात बहुतेकांनी घरचे फोन केव्हाच काढून टाकले होते. वादळात तारा तुटल्या त्या पुन्हा जोडून घ्यायची तसदी कोणी घेतली नाही. आवडाबाईने मात्र टेलिफोनवाल्यांच्या डोक्यावर इतकं बसून तो परत चालू करून घेतला होता, की पुढे तिला बघितलं की तो लाइनमन रस्ता बदलायचा. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. क्रांतीने घरचा नंबर घातला आणि बटण दाबलं. अर्ज गेला. पडद्यावर आलं: अर्ज क्रमांक १.

एक? जाहिरात लागून पंधरवडा झाला होता आणि उद्या शेवटची तारीख. सरकारी जागेला मुदत संपत आल्यावर पहिला अर्ज? झालं, क्रांतीचं डोकं फिरायला लागलं. तिने लगेच निकेशला फोन केला. निकेश नाखवा आक्षीचा, डिप्लोमाला तिच्या वर्गात होता. हाताने फार हुशार. बापाच्या बोटीवरचं मासे शोधायचं यंत्र तो डोळे मिटून उघडायचा.

"तू भरलास का रे अर्ज?"

"घेतच नाय गो! धा वेळा भरला. 'माहिती अपूर्ण आहे' म्हणतंय. अरे, काय अपूर्ण ते तरी सांग ना! आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं तेच चाललंय."

फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं, अडचण आल्यास संपर्क साधा, कक्ष सात. खाली नंबर. क्रांतीने तो लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मिनिडोरमध्ये बसून अलिबागला गेली. तिचा स्वतःचा अर्ज तर सुखरूप गेला होता, मग हिला काय पडलं होतं? पण खोड ती खोड.

कक्ष सातच्या दाराला कुलूप होतं आणि आत फोन वाजत होता. बाहेर स्टुलावर बुधाजी नावाचा म्हातारा शिपाई पेपर वाचत बसला होता.

"काका, आत फोन वाजतोय," क्रांती म्हणाली.

"रोज वाजतो. दिवसभर वाजतो."

"मग उचलत का नाही कोणी?"

"अगो पोरी, उचलणारा माणूस दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. त्याच्याच जागेवर तर भरती चाललीय." बुधाजीने पेपरची घडी केली. "माणूस मिळावा म्हणून फॉर्म, फॉर्म अडला तर फोन, नि फोन उचलायला माणूस न्हाय. आता बोल!"

क्रांतीला हसू फुटलं. "मग आता अर्ज किती आलेत?"

"एकच. कोणीतरी थळे म्हणून हाय. साहेब म्हणाले, एक तर एक, दोन वर्षांत एक तरी आला. घेऊन टाकू तिला."

क्रांतीचं हसू जागच्या जागी थांबलं. थळे म्हणजे आपणच, हे ती काही बोलली नाही. "बरं काका," म्हणाली आणि निघाली.

घरी येऊन तिने निकेशचा फोटो, सही, दाखले सगळं मागवून घेतलं आणि त्याचा अर्ज आपल्या संगणकावर भरायला घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी जिथल्या तिथे. फोटो लहान केला. नाही. सही बदलली. नाही. जन्मतारीख वेगळ्या तऱ्हेने घातली. नाही. शेवटी राहिला फोन. निकेशचा मोबाईल नंबर पुसून तिने सहज आपल्या घरचा नंबर घातला, आणि इतका वेळ मेल्यासारखं पडलेलं बटण हिरवं झालं.

त्या चौकटीला मोबाईल चालतच नव्हता! अलिबागच्या कोडने सुरू होणारा जुना, तारेचा नंबरच हवा होता तिला. आणि तसं कुठे एका अक्षराने लिहिलेलं नव्हतं.

क्रांतीने माउसवरचा हात काढून घेतला.

आवडाबाई नारळ सोलत होती. "काय झालं? भूत दिसला का?"

क्रांतीने सगळं सांगितलं. आवडाबाईने कोयता खाली ठेवला. "मग गप बस," ती म्हणाली.

"आये!"

"तू कोणाचा फॉर्म फाडलास? कोणाला अडवलंस? तुझ्या आईने फोन ठेवला, त्यांच्या आयांनी न्हाय ठेवला. आजचा दिस जाऊ दे, उद्या जागा तुझी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला तू हितं पाहिजेस गो."

आता खरं सांगायचं तर क्रांतीलाही गप्पच बसायचं होतं. निकेश आपल्यापेक्षा सरस आहे हे ती जाणून होती. ती उठून वाडीत फेऱ्या मारत राहिली. फार राग आला होता तिला, त्या चौकटीचा, सरकारचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या खोडीचा. कशाला मेली चौकशी करायला गेले? पण त्याच खोडीने तिला धरलं. समजा, गप्प बसले. नोकरी लागली. मग मी त्या खुर्चीत कशामुळे बसलेय? मला काम येतं म्हणून, की आमच्या घरात फोन आहे म्हणून? हे आता कळणार नाही, आणि पुढेही जन्मात कळणार नाही. न कळलेली गोष्ट घेऊन रोज मिनिडोरमध्ये बसायचं, हे काही तिला जमण्यातलं नव्हतं.

ती आत आली आणि बटण दाबलं. अर्ज क्रमांक २, निकेश नाखवा.

मग निकेशला फोन केला. तो आनंदाने ओरडलाच, पण लगेच म्हणाला, "अगो पण बाकीच्या पोरांचं काय? कोणाकडे हाय घरचा फोन? खोटा नंबर टाकला नि त्यांनी लावून बघितला, तर बादच करतील."

"आमचाच टाका सगळ्यांनी," क्रांती म्हणाली. "फोन आला तर निरोप देऊ."

आवडाबाई संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

मुलाखतीची बोलावणी सुरू झाली तेव्हा खरी मजा आली. कार्यालयाचा ईमेल बंद होता, कारण तो चालू करणारा माणूस अजून यायचा होता. म्हणून फोन करायचं काम बुधाजीकडे आलं. पहिला फोन आवडाबाईने उचलला. दुसराही तिनेच. तिसऱ्याला बुधाजी म्हणाला, "बाई, तुमच्या घरात पोरं तरी किती हायत?"

"देवानं दिली तेवढी," आवडाबाई फणकारली. "नाव सांगा, निरोप देते." राग होता तरी एकाचाही निरोप तिने चुकवला नाही. फोन खाली ठेवला की क्रांती आतून विचारायची, "कोणाचा होता?" आणि दर वेळी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव निघायचं. क्रांतीचं बोलावणं आलं ते पार शेवटी.

मुलाखत झाली. प्रत्येकाला एकेक बंद पडलेला संगणक दिला होता. क्रांतीला तिच्या संगणकाचं दुखणं बरोबर सापडलं, फक्त वेळ लागला. निकेश तिच्या आधीच बाहेर येऊन लिमलेटची गोळी चघळत उभा होता.

त्यानंतर एका दुपारी फोन वाजला आणि या खेपेला क्रांतीनेच उचलला.

"निकेश नाखवा हायत का?" बुधाजीचा आवाज. "त्यांची निवड झालीय. उद्या साहेब निघायच्या आत कागद घेऊन हजर व्हायचं. न्हाय आले तर साहेब दुसरं नाव घेणार, परवापासून ते रजेवर हायत. दुसरं नाव हाय..." कागदाची सळसळ झाली. "क्रांती थळे. तोही हाच नंबर! निरोप द्याल ना बाई?"

"देते," क्रांती म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

आवडाबाई दारात उभी होती. "कोणाचा?"

"निकेशचा."

एवढं म्हटलं आणि तिला रडू कोसळलं. कळायचं होतं ना? घ्या, कळलं. दुसरी. आपल्याला काम येतं, पण निकेशला जास्त येतं. आणि निकेश होता समुद्रात, बापाच्या बोटीवर, मोबाईलची रेंज सोडून लांब. परवाशिवाय बोट परत येणार नव्हती. नुसतं घरात बसून राहिलं तरी पुरे होतं. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, फोन लागला नाही. आणि ते खोटंही नव्हतं.

आवडाबाई सगळं समजली. ती काही बोलली नाही. आत गेली, क्रांतीच्या चपला आणून उंबऱ्याशी ठेवल्या आणि म्हणाली, "आक्षीच्या मच्छीमार सोसायटीत वायरलेस हाय. बोटींशी बोलतात त्याच्यावरून. पळ."

सोसायटीतल्या माणसाने वायरलेसवर बोट पकडून दिली. खरखर झाली आणि निकेशचा बाप काळूराम बोलला. मग निकेश. क्रांतीने तोंडाशी माइक धरला. तिचं बोलणं त्या भागातल्या सगळ्या बोटी ऐकत होत्या, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. "निकेश, तुझा फोन आला होता. तुला घेतलंय. उद्या सकाळी अलिबागला हजर हो, नाही तर मला घेतील."

मग काळूरामचा आवाज, "जाळी ओढतो नि फिरतो, पोरी."

"एक अट आहे," क्रांती म्हणाली. "त्या चौकटीला घरचाच नंबर का लागत होता, ते शोधायचं. आधी ते, मग बाकीचं काम."

निकेश वेळेवर हजर झाला. क्रांती पुन्हा लोकांच्या वायरींमागे फिरायला लागली. नवी मुंबईतल्या जुन्या मॅनेजरला निरोप पाठवावा का, याचा विचार करत होती. घरचा फोन आता गप्प झाला होता. आता कोणाला निरोप यायचे राहिले नव्हते.

आणि एक दिवस तो वाजला. क्रांती मागच्या बाजूला खोलीची चादर झटकत होती. आवडाबाईने उचलला आणि सवयीने विचारलं, "हां, कोण पाहिजे? नाव सांगा." मग रिसीव्हर छातीशी धरून मोठ्याने हाक मारली, "क्रांते! ये गो! तुझा हाय! खोली सातमधून!"

क्रांती चादर तशीच खांद्यावर घेऊन धावत आली. हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "सांग. का?"

"आधीच्या माणसाने रिटायर होताना नवा फॉर्म बनवलाच न्हाय," निकेश हसत होता. "जुना, नळाच्या तक्रारीचा फॉर्म होता तो उचलला नि वरचं नाव बदललं. तेव्हा नळ असलेल्या घरात फोन असायचाच. चौकट तशीच राहिली."

क्रांती हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले तरी थांबेना. आवडाबाई घाबरून पुढे आली. "काय झालं गो? नोकरी देतोय का तुला?"

"नाही गो आये," क्रांतीने चादरीने डोळे पुसले. "कळलं."