मॅटवरच्या लाटा

कापड कापायची प्लास्टिकची मॅट टेबलावर टाकली की चारी कोपरे कसे टेकायला हवेत. त्या गुरुवारी ती मधेच फुगून राहिली, भाजताना पापड उठतो तशी. मुरिएलने वर मोजपट्टी ठेवली तर पट्टी डुगडुगली.

"बघा, बघा!" डॉरीन ओरडली. "म्हणून तुकडे जुळत नव्हते. दोष मेल्या मॅटचा, आणि आम्ही उसवत बसलोय!"

वेअरडेलच्या दरीतल्या चॅपलच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायका जमत त्या गोधडी शिवायला. दरीतल्या मुलीचं लग्न ठरलं की तिची गोधडी तिथंच व्हायची. शिवायच्या सगळ्या जणी, पण कापड कापायचं एकाच बाईने, तरच तुकड्याला तुकडा लागतो. हे काम आधी मुरिएलच्या आईकडे होतं, आईनंतर मुरिएलकडे आलं. ईस्टरपासून मात्र तिने कापलेले तुकडे लागेनासे झाले होते. तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. नुसत्या माना खाली घालून उसवत होत्या, आणि टाके तुटल्याचा तो बारीक आवाज मुरिएलला हॉलच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येई.

आता दोष मॅटवर गेला होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिने मॅटवरून हात फिरवला आणि हात थबकला. फुगवटा एक नव्हता. सारख्या अंतरावर उठलेल्या लाटा होत्या. तिने खिडकीखालच्या जुन्या लोखंडी हीटरकडे पाहिलं. त्याच्या उभ्या नळ्यांमध्येही तेवढंच अंतर होतं.

मॅटला ऊब चालत नाही हे इथे नव्या सुनेलाही ठाऊक. चहाचा मगसुद्धा कोणी तिच्यावर टेकवत नसे. मग हीटरवर ठेवली कोणी? मागच्या वेळी कपबशा विसळायला शेवटपर्यंत थांबली होती ती ग्लेनिस. गेल्या वर्षीच वेल्सहून राहायला आलेली. गोड बोलणारी, आणि हात असा सरळ की कापड जणू आपणहून फाटावं.

हिला माझी जागा हवी आहे, मुरिएलच्या मनाने घेतलं.

"मी घरी नेते. करते सरळ," ती म्हणाली.

"एकटीने उचलू नका, मुरिएल. मी येते मदतीला," ग्लेनिस लगेच म्हणाली.

"ये की." मुरिएलने मनात म्हटलं, ही नजरेसमोर असलेली बरी.

घरी दोघींनी न्हाणीच्या टबात गरम पाणी सोडलं आणि मॅट आडवी बुडवली.

"हा उपाय तुला कसा गं ठाऊक?" मुरिएलने विचारलं.

"माझी एक वाकली होती. गाडीत उन्हात राहिली."

"आणि ही कशाने वाकली असेल?"

ग्लेनिस पाण्यात हात घालून बसली होती. "पाणी निवतंय. किटली आणू?"

चोर चहा मागून विषय बदलतो तशी ही किटली मागतेय, मुरिएलला वाटलं.

मऊ पडलेली मॅट त्यांनी पुसून स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर पसरली. वर फळी, फळीवर बटाट्यांची पिशवी, मुरंब्याच्या बरण्या आणि मुरिएलच्या दिवंगत नवऱ्याचा अवजारांचा डबा.

"बाप रे! एवढं जड उचलायचे तुमचे मिस्टर?"

"ते कुठले उचलायला? मी उचलायची, ते दार उघडून धरायचे."

ग्लेनिस खळखळून हसली. मुरिएलनेही हसू दाबलं, आणि मग स्वतःवरच चिडली.

वजनं काढायच्या दिवशी ग्लेनिस मनुका घातलेले वेल्श केक घेऊन आली. चव चांगली होती, मुरिएलला त्याचाही राग आला. मॅटवर मोजपट्टी उभी धरून ग्लेनिसने पलीकडून बॅटरी मारली. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा आली नाही.

"सपाट झाली," ग्लेनिस म्हणाली.

"मग आता बघ." मुरिएलने निळं सुती कापड घडी करून मॅटवर घातलं, मोजपट्टी दाबली, चाकासारखं गोल पातं सर्रकन फिरवलं आणि कापलेली पट्टी ऐटीत उलगडली.

कापडाची पट्टी घडीपाशी कोपरासारखी वाकली होती; पातं घडीला काटकोनात गेलंच नव्हतं.

"मॅट अजून नीट बसली नसेल," ग्लेनिस घाईने म्हणाली.

"आत्ता तूच बॅटरी मारलीस."

"मग कापडच तिरकं..."

"ग्लेनिस, हीटरवर तूच ठेवलीस ना?"

ग्लेनिसने केकचा डबा उगाच बंद केला, पुन्हा उघडला. "हो."

"जागा हवी होती तर तोंडाने मागायचीस!"

"जागा कसली, मुरिएल? तुम्ही चहा आणायला आत गेला होतात. डॉरीन म्हणाली, मुरिएलचे डोळे गेले, पुढच्या गुरुवारी तिला सांगूनच टाकू. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, मॅटच वाकडी निघाली तर तिच्यावर बोट ठेवतील, तुमच्यावर नाही."

"सगळ्यांच्या पैशाची मॅट नासवलीस."

"चुकलंच माझं."

"आणि मी आंधळी, हे सगळ्यांबरोबर तूही ठरवलंस."

"आंधळ्या नाही तुम्ही. गडद कापडावरची घडी दिसत नाही तुम्हाला, तेवढंच."

मुरिएल कापड घेऊन खिडकीशी गेली. जवळ धरलं, लांब धरलं. निळ्यावर निळं. घडी कुठे होती, देव जाणे. शेवटी तिने ती बोटांनी चाचपून शोधली.

पुढच्या गुरुवारी मॅट टेबलावर पडली. चारी कोपरे टेकले.

"झाली का गं सरळ?" डॉरीनने विचारलं. सगळ्या बघत होत्या. ग्लेनिस तेवढी फरशीकडे बघत होती. अजून थोडी वाकडी आहे, एवढं म्हटलं असतं तरी आणखी काही गुरुवार निघाले असते.

"सरळ झाली," मुरिएल म्हणाली. "वाकडी मी कापत होते. मॅटचा दोष नव्हता." तिने पातं ग्लेनिसपुढे सरकवलं. "इथून पुढे ही कापेल. हात चांगला आहे. फक्त हिला हीटरजवळ फिरकू देऊ नका."

"म्हणजे गं?" डॉरीन बुचकळ्यात पडली.

"तू नको विचारूस. कापड आण."