सुखीबाईची पेटी

मित्रांनो, मी सागाच्या फळ्यांची एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात चोवीस खण आहेत. १९५७ साली दिग्रसच्या एका सुताराने मला किसनरावांच्या औषधांच्या घाऊक दुकानासाठी बनवले. बाहेरगावी जाणाऱ्या काचेच्या बाटल्या माझ्यात भरल्या जात.

भरण्याचे काम सुखीबाईचे. ती एकटीच राहायची. प्रत्येक बाटलीवर नखाने टिचकी मारून ती कान देई. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर तडकलेली. जाड काचेच्या बाटल्या कडेच्या खणांत, पातळ मधल्या खणांत, आणि भोवती सरकी काढणाऱ्या जिनातला टाकाऊ कापूस.

पुढे तिचे कान गेले. दुकानातल्या माणसांनी तिच्याशी बोलणेच सोडले. मग ती माझ्याशी बोलायची. मला उत्तर देता येत नव्हते, याचे फार वाईट वाटे.

१९६१ च्या पावसाळ्यात झरी जामणीकडे पटकीची साथ आली. तिथल्या दवाखान्याला सलाईनच्या बाटल्या तातडीने हव्या होत्या. किसनरावांनी हातवारे करत म्हटले, "सुखीबाई, तुले आता आयकू येत नाही. आज दुसरा कोनी भरंल."

तिने एक बाटली हनुवटीला टेकवली आणि टिचकी मारली. "मालक, मले हाडातून समजते. हे पाहा, हिच्या गळ्याशी चीर हाये."

किसनरावांनी बाटली उजेडात धरली. केसाएवढी चीर होती. त्यांनी मला तिच्याकडे सरकवले.

पांढरकवड्यापर्यंत मी ट्रकने गेले आणि पुढे जंगलातून बैलगाडीने. चाक दगडावर आदळले की माझ्या फळ्या करकरत. दवाखान्यात देवसिंग कंपाउंडरने झाकण उघडले. चोवीसच्या चोवीस बाटल्या शाबूत होत्या! त्या आठवड्यात कितीतरी माणसे खाटेवरून उठून आपल्या पायांनी घरी गेली.

"कोनं भरली हे पेटी?" देवसिंगने विचारले.

"ट्रकवाला सांगत होता, दिग्रसची एक बहिरी बाई हाये," गाडीवान म्हणाला.

"मीच पेटी वापस नेतो अन् त्या बाईच्या पाया पडतो," देवसिंग म्हणाला.

तो खरेच चांगला माणूस होता. पण आज रोगी, उद्या पाऊस, परवा साहेबांचा दौरा. मी कोपऱ्यात वाट पाहत राहिले. माझ्या खणांत कोळ्यांनी जाळी विणली. पाहता पाहता दोन वर्षे गेली.

अखेर एके दिवशी त्याने मला पुसले, एसटीच्या टपावर चढवले आणि दिग्रसला आणले. दुकानात आता पुठ्ठ्याची खोकी आली होती. सुखीबाईची जागा रिकामी होती.

किसनराव म्हणाले, "मागच्या हिवाळ्यातच गेली ते. तुमच्याकडं बाटल्या पोचल्या का, म्हनून लय दिवस इचारत होती. तुमचं पत्रच आलं नाही, काय सांगनार?"

देवसिंग मला टेकून खाली बसला. 

तेव्हापासून मी किसनरावांच्या या गोदामात आहे. मित्रांनो, कुणाचे उपकार आठवले तर चार ओळींचे पत्र तरी त्याच दिवशी टाका. सवड मिळेल तेव्हा ते माणूस तिथे असेलच, असे नाही.