चोवीस जोडांचं खोकं

“सही कुणी केली?” ताईने विचारलं. दाताच्या इंजेक्शनने तिचा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे ऐकू आलं ते ‘छही कुनी केयी’. तिच्या चपलाबुटांच्या दुकानात खोकी उतरवणारे हमाल फिसकन हसले. धाकटा भाऊ तेवढा हसला नाही.

“मी केली. तू दवाखान्यात होतीस. अगं, नव्वद दिवस उधारी! दमडी न देता दुकान भरतंय.”

वीस वर्षांत ताईचं तोंड एकदाच बंद झालं आणि नेमक्या त्याच तासात ही सही झाली. कंपनीच्या एजंटाने वेळ बरोबर साधली होती. बाजारात त्याला सगळे नव्वद्याच म्हणत. दुसरा आकडा त्याच्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

ताईची रीत वेगळी होती. आठवड्याला रोख पैसे घेऊन ती कंपनीच्या गोदामात जायची आणि सुटे जोड निवडून आणायची. पाच-सहा-सात नंबरचे जास्त, तीनचा एखादा, नऊचा एखादा. फळ्या निम्म्या रिकाम्या दिसायच्या, भावाला त्याची लाज वाटायची. पण दुकानात आलेली बाई मापाचा जोड पायात घालूनच बाहेर पडायची.

उधारीवर निवड नसते. चोवीस जोडांचं बंद खोकं घ्यायचं, आत कोणते नंबर ते कंपनी ठरवणार. आणि कंपनी काय भरते? जे पडून राहिलंय ते. पाच-सहा-सात नावापुरते, चार आणि आठ ठासून. स्वतःच्या गोदामात कुजणारा माल दुसऱ्याच्या फळीवर रचायचा आणि वर नव्वद दिवसांचे उपकार चढवायचे! याला हे लोक सवलत म्हणतात. तोंड वर करून म्हणतात.

दहा खोकी उतरली. दुकान छतापर्यंत भरलं. दारावर कंपनीची झगमगती पाटीही चढली. भाऊ तीन दिवस उगाचच दारात उभा राहिला.

विसाव्या दिवशी मधले नंबर संपले. भावाने नव्वद्याला फोन लावला, “फक्त पाच-सहा पाठवा ना.”

“सुटे नाहीत, साहेब. अख्खं खोकं घ्या. अजून नव्वद दिवस देतो की!”

अदलाबदल करू म्हणून भाऊ शेजारच्या दुकानात गेला, तर तिथला दुकानदारही चार-आठ कवटाळून बसलेला. गिऱ्हाईक यायचं, भरलेल्या फळ्यांकडे कौतुकाने बघायचं आणि हात हलवत परत जायचं.

साठ दिवस झाले. दीडशेच्या वर जोड शिल्लक. मुदतीत पैसे गेले नाहीत, तर आणखी खोकी उधार घ्यायची आणि ती विकून जुनं देणं फेडायचं, असं त्या कागदावर बारीक अक्षरात होतं. म्हणजे दुकान ताईचं आणि हुकूम नव्वद्याचा, जन्मभर.

“नाकी नऊ आले गं,” भाऊ डोकं धरून म्हणाला.

“नऊच हवा होता. तेवढाच आला नाही.”

“चेष्टा सुचते तुला! ऐक, सहाच्या पायाला आठ देऊ. पुढे कापूस कोंबायचा. काय कळतंय कुणाला?”

“कापूस तुझ्या कानात घाल. त्या बाईच्या टाचेला महिन्याभराने कळतं.”

ताईने दोन दिवस शिलकीचे जोड मोजून नंबरवार लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आठ नंबरचे जोड दोन पिशव्यांत भरले, मग घड्याळ पाहिलं आणि पिशव्या खाली ठेवल्या.

“आता काय झालं?” भावाने विचारलं.

“चार वाजू दे.”

चार वाजता ती दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या धुलाई कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसली. आत दोनशे बाया सकाळपासून उभ्याने चादरी इस्त्री करत. फाटक उघडलं, तशा त्या बाहेर आल्या, बऱ्याच जणी चपला हातात घेऊन.

“चावतात ना?” ताईने विचारलं. “सकाळच्या वेळी विकत घेतलेल्या असतील. अहो, दिवसभर उभं राहिलेला पाय संध्याकाळपर्यंत एक नंबर वाढतो. बसा. आत्ताच्या पायाचं माप घेऊ.”

एक दांडगी बाई हसली. “मला सात होतो हो. आठ काय घालू, लोक होडी म्हणतील!”

“म्हणू द्या. उद्या संध्याकाळी त्या होडीतूनच घरी जाल.”

ताईने स्वतः जमिनीवर बसून तिच्या पायात जोड चढवला. बाईने पाय टेकला, बोटं हलवली आणि फाटकापर्यंत चालून आली. मग मागे वळून ओरडली, “ए, इकडे या गं!”

ज्यांना आठ सैल झाला त्यांना ताईने विकला नाही. हे तिथल्या बायांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. चार नंबरचे जोड तिने मुलींच्या शाळेत नेले, जिथे पोरींना लहान मुलांचे बूट नुकतेच होईनासे झाले होते. सगळे खरेदीच्याच भावात गेले, नफा शून्य. ताईची कंबर मोडली, बसून बसून गुडघे सुजले. भाऊ पिशव्या वाहत होता.

एकोणनव्वदाव्या दिवशी तिने नव्वद्यासमोर पैसे ठेवले. तो चाटच पडला. “एक दिवस आधी? ताई, नवा माल पाठवू ना?”

“पाठव. रोखीने. सुटे जोड, माझ्या निवडीने.”

“रोखीचं खातं कंपनीने बंद केलंय. आता खोकं, नाहीतर काही नाही.”

“मग काही नाही.”

दोन दिवसांनी सकाळी भावाने कुणी न सांगताच शिडी लावली आणि कंपनीची झगमगती पाटी उतरवली. मागची भिंत मळकी निघाली, तीही त्याने पुसली. आत फळ्यांवर एका लहान कारागिराकडून रोखीने आणलेले अठरा जोड होते.

रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली. उघडी भिंत, मोकळ्या फळ्या पाहून तिचा आवाज हळवा झाला. “दुकान बंद करताय का हो?”

“नाही,” ताई म्हणाली, आणि सुजलेल्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. “या ना. नंबर काय तुमचा?”