खांबाला रामराम

“दिप्या, गेलं सगळं मातीत. तुझा व्हिडिओ वडगावला पोचला.”

डेअरीच्या ओट्यावर टेकायच्या आधीच भीमानं हे सांगून टाकलं. महिपती आत शेवटच्या किटल्यांचं फॅट लावत होता, म्हणून आवाज दबका.

“कुठलं वडगाव? निंबाळकर?”

“मग काय मावळातलं? सूरजच्या चुलत्याला कुणीतरी पाठवलाय. खाली लिवलंय, हे बघा तुमचं व्हणारं व्याही.”

माझा चहा हातातच राहिला. सूरज म्हणजे वडगाव निंबाळकरचा मुलगा. महिपतीच्या स्वप्नालीचं त्याच्याशी जमत आलं होतं. पोरगी डी. फार्म. झालेली, इंदापुरात मेडिकलमध्ये कामाला. बघणं झालं, पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

व्हिडिओ मीच काढला होता, त्यामुळे तो कसा झाला तेही मलाच सांगितलं पाहिजे. शेळगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान डेअरीला लागून आहे. संध्याकाळचं दूध आटोपलं की मी, भीमा आणि महिपती ओट्यावर बसतो आणि दिवसभरात सापडलेले व्हिडिओ एकमेकांना दाखवतो. भीमाला सगळंच आवडतं. मला सगळंच बनावट वाटतं. महिपती बोलतो कमी, बघतो जास्त. एकोणीस वर्षं तो डेअरीवर आहे. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, गाईम्हशींना रविवार ठाऊक नसतो, त्यामुळे यालाही नाही. लग्नकार्यालासुद्धा जेवून लगेच परत. बापड्यानं समुद्र पाहिला तो माझ्या फोनमध्ये. कोकणातला एखादा व्हिडिओ लागला की म्हणायचा, “परत लाव रं.”

आणि हा माणूस दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. भीमाच्या लग्नात आम्ही त्याला बाटलीच्या सरबतावरून चिडवलं होतं, तर तो वास घेऊन मगच प्यायला.

गेल्या उन्हाळ्यात भीमानं कुठल्याशा पोराचा दारुड्याच्या सोंगाचा व्हिडिओ लावला. आम्ही पोट धरून हसलो. महिपती मात्र हसला नाही.

“ह्ये खोटं हाय,” तो म्हणाला. “पिल्याला माणूस झोकांडी दावत न्हाय, लपवतो. मी कसा सरळ चाललोय बघा, असं करतो.”

“लई शाना! मग दाव की करून,” भीमा म्हणाला.

आणि महिपती उठला. कसा उठला, देव जाणे. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. सदऱ्याचं बटण भलत्याच काजात मोठ्या मनापासून लावलं. मग रस्त्यावर रेघ मारल्यासारखा सरळ, फार सरळ चालत गेला, विजेच्या खांबापाशी थांबला आणि हात जोडून म्हणाला, “रामराम पाव्हणं. शेळगावला हाच रस्ता जातो का?” खांबानं उत्तर दिलं नाही म्हणून त्याची माफी मागितली. शेवटी घर वीस पावलांवर आल्यासारखा थबकला, चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर, श्वास रोखून, निघाला. घरातल्यांना चाहूल लागू नये म्हणून.

भीमा हसून हसून ओट्यावर आडवा झाला. मी फोन धरून होतो. आणि खरं सांगायचं तर चपला काढल्या तेव्हाच मी ओळखलं. ते कुंडलिकतात्या होते. महिपतीचे वडील. आम्ही चौथीत असताना ते असेच यायचे, आणि महिपती आमच्या अंगणातला खेळ सोडून त्यांच्या आधी घरी पळायचा. पाटाच्या कडेला मरून पडलेले सापडले तेव्हा आम्ही सहावीत होतो. महिपतीच्या आईनं, साखरबाईंनी, सगळ्यांना सांगितलं, रानात पाण्याची दारं धरायला गेले होते, छातीत कळ आली. गावानंही ते मान्य केलं. बाईला लहान पोर घेऊन जगायचं होतं. पुढे महिपतीचं लग्न झालं, स्वप्नाली झाली, तिची आई लवकर गेली. तिला आजोबा मिळाले ते फोटोतले: गावचं भांडण मिटवणारे, कधी आवाज न चढवणारे. पोरीनं एकही परीक्षा त्या फोटोच्या पाया पडल्याशिवाय दिली नाही. नातीला रंगवून सांगता सांगता साखरबाईंनाही बहुतेक तो नवरा खरा वाटायला लागला असावा. माझी काही तक्रार नाही. मिळाला नाही तर बाईनं बनवून घेतला.

हे सगळं मला कळलं तरी मी फोन खाली घेतला नाही. इतकं झकास जमलं होतं हो! एक मिनिट चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी त्याच रात्री टाकला. नऊ लाख लोकांनी पाहिला. मी दुकानात गिऱ्हाइकांना फुशारकीनं सांगत होतो, हा माझा दोस्त.

तर असा तो वडगावला पोचला. मी माझा व्हिडिओ लगेच काढून टाकला, पण तोवर दहा जणांनी उचलून आपापल्या पानावर चढवला होता, वर गाणी लावून. वाऱ्यावर सोडलेली पिसं गोळा करायची कशी? मग मी शहाणपणा केला. महिपतीला इस्त्रीचा सदरा घालायला लावला, डेअरीपुढे उभा केला आणि दुसरा व्हिडिओ काढला. “मी दारू पीत नाही. ते नाटक होतं,” हात जोडून तो म्हणाला. बिचारा घाबरलेला, घाम पुसतोय, जीभ अडखळतेय. खाली लोकांनी लिहिलं, आज क्वार्टर जास्त झाली वाटतं. कुणी लिहिलं, खांब कुठाय?

“दिप्या,” महिपती म्हणाला, “आता तू काय बी करू नगंस. पाया पडतो.”

स्वप्नाली मात्र पंधरा दिवस फोनवर सूरजशी भांडत होती. “माझे पप्पा थेंबाला शिवत न्हाईत. गावात कुणाला बी विचारा,” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पोरगा चांगला होता, त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण घरात शब्द चालायचा तो चुलत्याचा, विजयसिंहांचा. आणि त्यांनी सांगितलं, आम्ही येऊन समक्ष विचारतो.

रविवारी सकाळचं दूध आटोपल्यावर ते आले. महिपतीनं मलाही बोलावलं होतं. विजयसिंह पलंगावर, आम्ही दोघं सतरंजीवर, साखरबाई आतल्या दारात पदर सावरून बसलेल्या. वर भिंतीवर हार घातलेले तात्या. स्वप्नाली चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तिथंच उभी राहिली. जा म्हटलं तरी गेली नसती.

विजयसिंहांनी आडपडदा ठेवला नाही. “महिपतराव, माझ्या थोरल्या भनीचं वाटुळं दारूनं झालं. म्हणून इचारतो, राग मानू नका. तुमी म्हणता, नाटक हुतं. मी तो व्हिडिओ धा येळा बघितला. न पिता माणसाला असं जमंल व्हय? तुमी शिकला कुठं ह्ये?”

काय सांगणार? बापाला बघून शिकलो म्हणायचं? मग भिंतीवरचा माणूस त्याच घटकेला खाली आला असता. म्हातारीनं आयुष्यभर राखलेलं पोरीसमोर, पाहुण्यांसमोर उघडं पडलं असतं. साखरबाई जमिनीकडे बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला नव्हता, पण गावातल्या बायांनी खांबाचं आणि चपलांचं सांगितल्यावर त्यांना बघायची गरजच उरली नसावी.

मला राहवेना. मी तोंड उघडणार, तोच महिपतीनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

“न्हाय, नाटक न्हवतं,” तो म्हणाला. “घेतली हुती त्या दिशी. पहिल्यांदाच. ह्या दीपकनंच पाजली. लाज वाटली म्हणून खोटं बोललो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बडबड्या माणूस, पण तेव्हा नुसती मान डोलावली.

विजयसिंह मोठ्यानं हसले. “हां! मग असं सांगा की सरळ! एकांद्या येळी कोण घेत न्हाय? आमाला भ्या हुतं ते खोट्याचं. पेताड माणूस कधी कबूल व्हत न्हाय. तुमी झाला, म्हंजी माणूस सच्चा हाय.” आणि मला म्हणाले, “तुमी मातूर जरा दमानं पाजत जावा दोस्ताला.”

तिथंच सुपारी फुटली. साखर वाटली. स्वप्नालीनं ट्रे खाली ठेवला आणि बापाकडे बघितलं. रागानं नव्हे, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ती आत गेली.

पाहुण्यांची गाडी वाटेला लागल्यावर साखरबाई उठून महिपतीपाशी आल्या. “मी सांगते पोरीला,” म्हणाल्या. “आता काय ऱ्हायलंय माझं?”

“नगं आये. तिला आजा हाय तेवढा ऱ्हाऊ दे.”

“आन् बाप?”

“बापाचं बघू.”

साखरबाई भिंतीला धरून खाली बसल्या. मी बाहेर येऊन गाडीला किक मारत राहिलो, किल्ली लावायचं सुचलंच नाही.

लग्न वडगावला झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि वराकडचे चार-पाच जण महिपतीला शोधत आले. “व्याही, या की जरा मागल्या बाजूला. आता लाजताय काय? नऊ लाखांनी बघितलंय!” तो नको नको म्हणत होता, हसत होता. काय करणार, मुलीकडचा माणूस! त्यांनी खांद्याला धरून त्याला मंडपामागं नेलंच. मीही मागोमाग गेलो. त्यांनी ग्लास पुढे केला. “आज न्हाय, पोरीचं लगीन हाय,” म्हणत महिपतीनं तो धरल्यासारखा केला आणि माझ्या हातात दिला. मी तो तिथंच ओतला. पण ओतून बाहेर आलो तेव्हा स्टेजवरून स्वप्नाली आमच्याकडेच बघत होती. दोघंही मंडपामागून येत होतो, आणि मी तर पाजणारा.

पाठवणीला ती आजीच्या गळ्यात पडून रडली. मग बापाच्या. मी तिची बॅग घेऊन बाजूलाच होतो, त्यामुळे ती त्याच्या कानात बोललेलं मला ऐकू आलं.

“पप्पा, पुन्हा घ्यायची न्हाय. माझी शप्पथ हाय.”

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. माझ्याही जिभेवर होता. महिपतीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बाशिंगाची सुटलेली दोरी नीट केली.

“न्हाय बाळा,” तो म्हणाला. “न्हाय घेणार आता.”