वाद घालायचा नाही

रुग्णाशी कधीही वाद घालू नये, कारण आजारी माणूस हे देवाचंच रूप असतं, हे वाक्य बाईंनी स्वतः रचलं होतं. त्यामुळे हातातला सुपाचा वाडगा समोरच्या भिंतीवर फेकावा असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा दोष द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आपण अजून एकच चमचा घेऊ या," काका म्हणाले आणि वाडगा त्यांनी अलगद स्वतःकडे घेतला.

"मीठ नाही यात."

"अगदी बरोबर आहे आपलं. मीठ नाही."

"मग घाला ना!"

"घालू या हं. नक्की घालू या." आणि बिनमिठाचा चमचा ओठांशी आला.

बाईंनी घोट गिळला. डावा पाय प्लास्टरमध्ये, दोन उशांवर. प्लास्टरच्या आत नेमकी जिथे विणायची सुई पोचत नव्हती, तिथे खाज. गरजूंना वाटायच्या चादरी माळ्यावरून काढताना त्या स्टुलावरून पडल्या होत्या. कूस बदलता येत नव्हती, उठता येत नव्हतं. पडदा अर्धवट सरकला होता आणि तो धड उघडा नाही की धड बंद नाही, हे सकाळपासून त्यांना छळत होतं.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या, काका जमीनमोजणीतून. तेव्हापासून रोज पाच वाजता दोघं नवरा-बायको सरकारी दवाखान्यात जात आणि ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशांजवळ बसत. कुणाची नखं काप, कुणाचे केस विंचर, कुणाला सूप भरव. वॉर्डाने एकीला 'बाई' केलं, दुसऱ्याला 'काका'. नातं जुळत नव्हतं, पण वॉर्डात एवढी चौकशी कोण करतो? घरातला जास्तीचा पलंग, चांगला पंखा, पाहुण्यांच्या गाद्या एकेक करून तिकडे गेल्या. मग पाहुणेही यायचे थांबले. जोडप्याचे दोनदा सत्कार झाले. दोन्ही वेळा मिळालेल्या शाली दुसऱ्याच दिवशी वॉर्डात कुणाच्या तरी पायांवर होत्या.

नियम सगळे बाईंचे. वाद घालायचा नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. रुग्णाला झोप लागली तरी उठून जायचं नाही. आणि आवाज मऊ. काकांना तो आवाज जमायला वर्ष लागलं होतं. त्यांचा मूळचा आवाज एका बांधावरून पलीकडच्या बांधावर मोजणीची साखळी धरलेल्या माणसाला हाक मारायचा होता.

आता तो मऊ आवाज घरात मुक्कामाला आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता.

"तुमची बहीण लोभी आहे," बाई म्हणाल्या.

एरवी या वाक्याने घरात तीन दिवस अबोला व्हायचा. काकांनी त्यांच्या हनुवटीवरचा सुपाचा थेंब टिपला.

"असेलही. आपलं निरीक्षण चांगलं आहे."

"कपाटातले तुमचे मोजणीचे बूट मी भंगारात देणार आहे."

"द्या ना. आपल्याला बरं वाटेल."

बाईंनी डोळे छताला लावले. पाय मोडल्याचं त्यांना तेवढं काही नव्हतं, हाडं जुळतात. पण एवढ्या वर्षांत ज्याच्याशी रोज भांडून दिवस उजाडला, त्या माणसाने आपल्याला वॉर्डातली एक खाट करून टाकलं, आणि आता उठल्यावरही हा असाच बोलत राहिला तर?

दुपारी टेम्पोवाला आला. खुब्याचं हाड मोडून तो कितीतरी महिने वॉर्डात खिडकीखाली होता. आता जरा लंगडत का होईना, टेम्पो चालवत होता. बरोबर संत्री. काका औषधं आणायला गेले तेव्हा बाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"एक विचारू? आम्ही यायचो तेव्हा तुम्हाला बरं वाटायचं ना?"

"बाई, तुम्ही म्हणजे देवमाणसं."

"ते राहू दे. खरं सांगा."

टेम्पोवाल्याने हातातलं संत्रं फिरवून फिरवून पाहिलं. "रागावणार नाही ना? पाच वाजले की दाराजवळचे आजोबा म्हणायचे, आले रे! की सगळा वॉर्ड झोपायचा."

"सगळा?"

"तो प्लास्टरवाला पोरगा तर घोरायचा पण. आम्हाला वाटायचं, झोपलेलं बघून जातील. पण तुम्ही कसल्या उठताय!" आणि बाईंचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "सूप चांगलं असायचं पण."

"मीठ नव्हतं त्यात."

"नव्हतंच," टेम्पोवाला म्हणाला आणि मोकळा होऊन हसला.

तो गेला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचाकडे सरकू लागला, तशी बाईंची घालमेल वाढली. चादरीचं टोक पिळून झालं, उशी थोपटून झाली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. मग चपलांची फटफट. बाईंनी डोळे गच्च मिटले.

वाडगा तिपाईवर टेकला. खुर्ची करकरली. काका बसले. उठले नाहीत, नियमच होता.

"झोपली एकदाची."

बाईंच्या पापणीखाली बुबुळ हललं. हा आवाज बांधावरचा होता.

"मीठ नाही म्हणे. डॉक्टर काय मी आहे? आणि माझी बहीण लोभी! तुझ्या भावाने शिडी नेली, ती परत आणून दिली असती, तर स्टुलावर चढायची वेळ तरी आली असती का? मी बजावलं होतं, आंघोळ झाली की मी काढतो. पण नाही. जगाला थंडी वाजतेय म्हटल्यावर हिला दम कुठला! धपकन आवाज आला तेव्हा मला वाटलं..."

बराच वेळ नुसताच नाक ओढल्याचा आवाज.

"वेडी कुठली," काका म्हणाले.

शिडी भावाने नेली नव्हती, काकांनीच वॉर्डाच्या रंगाऱ्यांना दिली होती. आणि स्टुलाचा डगमगता पाय गेल्या हिवाळ्यापासून कोण ठोकणार होतं, हेही विचारायला हवं होतं. उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन थडकलं. प्लास्टरमधली खाज गुडघ्यापर्यंत चढली. बाई हलल्या नाहीत. डोळा जरा किलकिला झाला असता, तरी "जाग आली का आपल्याला?" ऐकावं लागलं असतं.

"आणि माझ्या बुटांना हात लावून दाखव," काका खुर्ची आणखी जवळ ओढत म्हणाले.

प्लास्टर निघायला अजून पाच आठवडे होते.