दाढेतली चांदी आणि एक टाचणी

सभागृह खच्चून भरलं होतं. दंतबाबांनी होकायंत्र एका बाईच्या गालाजवळ नेलं आणि सुई गर्रकन फिरली.

"बघा! दाढेत भरलेली चांदी बोलतेय! हीच जिवाभावाच्या माणसांना दूर ढकलते. उकरून काढा, माझं पांढरं भस्म भरा, माणसं धावत येतील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भस्मानं दाढ बुजेल हो, पण रुसलेली माणसं कशी परतायची? विचारायची कुणाची टाप होती!

शिवणकाम करणाऱ्या मावशी रांगेत तिसऱ्या होत्या. मुलाचा फोन येऊन दोन वर्षं झाली होती. मशीन थांबलं की घर खायला उठायचं, म्हणून त्या कापडाची मापंसुद्धा मोठ्यानं बोलायच्या. सकाळीच त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "चांदी काढून पांढरं भरू का?"

"कशाला, मावशी? पांढरं दिसायला छान, पुढच्या दातांना शोभतं. तुमची चांदी मागच्या दाढेत चौदा वर्षं घट्ट बसलीय. उगाच उकरायला गेलं तर चांगली दाढही कोरली जाईल."

सगळं पटलं होतं. पण त्यात मुलाचा फोन कुठे होता!

मावशींचा नंबर लागला. एका हातात होकायंत्र धरून बाबांनी दुसरा हात मावशींच्या गालाजवळ आणला आणि मावशींनी कॉलरला सवयीनं अडकवलेली सैल टाचणी टुणकन उडून बाबांच्या अंगठीला चिकटली.

सांडलेल्या टाचण्या मावशी रोज लोहचुंबकानंच गोळा करत. अंगठीत लोहचुंबक आहे हे त्यांना काय सांगायला हवं होतं!

"द्या इकडे ते यंत्र." त्यांनी ते स्वतःच्या गालाला लावलं. सुई ढिम्म. अंगठीजवळ नेलं, गर्रकन! "अहो, दाढ कसली बोलतेय? ही तुमची अंगठी बोलतेय!"

"श्रद्धा कमी पडली, बाई!"

"मग टाचणीची बरी पुरेशी होती?"

हशा पिकला. बाबांनी मागच्या दारानं काढता पाय घेतला. मावशींना मात्र रडू आलं. दाढ वाचली, पण मुलगा का बोलत नाही हे कोडं तसंच राहिलं होतं.

घरी येऊन त्या मशीनपुढे बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, सुई का फिरते ते आपण जवळ जाऊन तपासलं. आणि मुलाचं? बाबाला विचारलं, दाढेला विचारलं, ज्याला ठाऊक आहे त्याला एकदाही नाही. मंडळी, चमत्कार दिसला की करणाऱ्याचा हात तपासा, आणि उत्तर हवं असेल तर ज्याला ते माहीत आहे त्यालाच विचारा. दुसरा मार्ग नाही.

मावशींनी नंबर फिरवला.

"बाळा, माझं काय चुकलं रे?"

पलीकडून मुलाचा आवाज आला.

"आई... मला वाटलं, तुलाच माझ्याशी बोलायचं नाहीये."