चौदा पानांना इस्त्री

मित्रांनो, मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. टेबल म्हणणे हीसुद्धा थोडी फुशारकीच झाली. माझे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, अंग लांबट आणि एका टोकाला निमुळते. अंगावर पातळ गादी आणि गादीवर निळ्या फुलांचे कापड. ती फुले आता फक्त मलाच आठवतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाळीदार पत्रा कापला, पाइप वाकवले, रिवेट ठोकले, झालो मी. तपासणीच्या बाईंनी माझ्यावर कोपर टेकले आणि त्या म्हणाल्या, "हा जरा डुलतोय." शेजारचा म्हणाला, "कपड्यांना कुठे कळतंय?" आणि मी पास झालो. नंतर काही महिने एका दुकानात शिडीशेजारी उभा होतो. लोक शिडीवर उत्साहाने चढून बघत. माझ्याकडे बघून मात्र नजर चुकवत, जणू मी त्यांना कामाला लावणार होतो. तसा लावणारच होतो म्हणा.

शेवटी मला एका कुटुंबाने घेतले. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचे दार आणि खिडकी यांच्या मधल्या पट्ट्यात मी उघडा राहिलो की फ्रिजपर्यंत जाणाऱ्याला पोट आत घ्यावे लागते. घरात माणसे तीन. बाई इस्पितळात नर्स आहेत. त्यांच्या यजमानांची मोठी बहीण, म्हणजे ताई, एका छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रितशोधन करून निवृत्त झाली आहे. चुका काढणे हा तिचा व्यवसाय होता. आता नुसताच स्वभाव आहे. आणि तिसरे ते यजमान, आमचे लेखक. वय पन्नास. ताई त्यांना छोट्या म्हणते.

घरातली इस्त्री लेखकांकडे आहे. त्यांनी ती आपणहून मागून घेतली, तेव्हा बाईंना भरून आले होते. खरे कारण मला ठाऊक आहे. घरात खुर्चीवर बसलेल्या माणसाला कोणीही हाक मारते; डबा उघडून दे, बल्ब बदल, कोणाचा फोन आहे बघ. इस्त्री करणाऱ्याला मात्र कोणी हाक मारत नाही. न जाणो, तो इस्त्री आपल्या हातात द्यायचा. म्हणून आमचे लेखक माझ्यावर एक शर्ट पसरतात, शर्टावर वही ठेवतात आणि उभ्याने लिहितात. पावले वाजली की वहीवर बाही ओढून घेतात.

पोटासाठीही ते लिहितातच. मिक्सर, हीटर असल्या वस्तूंबरोबर जे माहितीपत्रक येते, ते त्यांचे. 'झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये.' 'ओल्या हाताने स्पर्श करू नये.' लाखो प्रती निघतात. इतका छापला गेलेला आणि इतका न वाचला गेलेला लेखक दुसरा दाखवा!

मित्रांनो, लेखक होणे कसे असते ते मी फार जवळून पाहिले आहे. गोष्ट अडली की घरात इस्त्री वाढते. आधी रुमाल, मग टॉवेल, मग उशांचे अभ्रे. एका कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात तर पायपुसण्यालाही कडक इस्त्री झाली. पाचवे प्रकरण आलेच नाही, पण त्या महिन्यात आमचे पडदे बघायला शेजारी येत होते.

आणि कधी तरी एखादे वाक्य येते. कुठून येते ते त्यांनाही कळत नाही. हात थांबतो, इस्त्री उभी राहते, खिशातून पेन निघते. वाक्य कागदावर उतरते आणि पन्नास वर्षांचा तो माणूस एकटाच माझ्याकडे बघून हसतो. असा आनंद मी त्यांना पगारवाढ झाली तेव्हाही पाहिला नाही. तो पाचेक मिनिटे टिकतो. मग ते वाक्य पुन्हा वाचतात, मान हलवतात, पेन उलटे धरून वाक्य खोडून टाकतात. त्यांचे पेन तसेच आहे. मागच्या रबराने घासले की शाई नाहीशी होते. खोडलेल्या जागी दुसरे वाक्य बसते. पहिल्यापेक्षा लांब आणि बरेच भरजरी.

अशा तेवीस गोष्टी त्यांनी मासिकांना पाठवल्या. तेवीसच्या तेवीस साभार परत आल्या. घरात इतकी पट्टीची वाचक असून तिला मात्र त्यांनी एकही दाखवली नाही. दहा वर्षांचे असताना एकदा दाखवली होती. गोष्ट सशाची होती. ताई तेव्हा पंधरा वर्षांची. तिने लाल पेन्सिल घेतली आणि शेवटी विचारले, "पहिल्या पानावर ससा पांढरा आहे, तिसऱ्यावर करडा. मधे कोणी रंगवला?" तेव्हापासून चाळीस वर्षे वहीवर बाही ओढणे चालू आहे.

आणि एक दिवस एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांच्या अंकाची शेवटची पाच पाने रिकामी राहिली होती. "शनिवारी चारच्या आत द्या. लांब असली तर आम्ही छोट्या टाइपात बसवू. हातानं लिहिलेली चालेल, फक्त वाचता आली पाहिजे. चारनंतर अंक छपाईला जातो." लेखक बाईंना म्हणाले, "हीसुद्धा नाही छापली ना, तर लिहिणं बंद. मग या टेबलावर फक्त कपडे." बाईंनी "बरं" म्हटले. माझे मात्र रिवेट करकरले. कपड्यांवर माझा राग नाही. पण मित्रांनो, नुसते कपडे?

गोष्ट एका कुंभाराची होती. चौदा पाने. शनिवारी दुपारी एक वाजता पूर्ण झाली. पण आठवडाभर ताईच्या नजरेपासून लपवण्यासाठी ती पँटच्या मागच्या खिशात फिरत होती. त्यामुळे तिचा पार बोळा झाला होता. अशी गोष्ट संपादकांच्या हातात कशी द्यायची? लेखकांनी माझ्याकडे पाहिले. मग इस्त्रीकडे पाहिले.

त्यांनी काळजी घेतली नाही असे मी म्हणणार नाही. बटण रेशमावर ठेवले. पान पालथे घालून त्यावर रुमाल अंथरला. हलक्या हाताने इस्त्री फिरवली आणि पान तसेच पालथे बाजूला ठेवले. पुढचे पान. तोंडाने हळू आवाजात भाषण चालू होते: "मला घडवणाऱ्या सर्वांचे मी या प्रसंगी..." चौदा पाने झाली. गठ्ठा उचलून त्यांनी सुलटा केला आणि भाषण थांबले.

पाने कोरी होती. सुरेख सपाट, कडक आणि कोरी.

"गेली," ते म्हणाले. "सगळी गेली."

बाई ड्युटीला निघाल्या होत्या. घड्याळाचा पट्टा लावत त्या आल्या. "काय गेली? वीज?"

"गोष्ट!"

बाईंनी पाने चाळली. "अहो, पण इस्त्री काय सुंदर झालीय."

ताई आली. तिने एक पान उजेडात धरले, पुढून पाहिले, मागून पाहिले. "छोट्या, एकही चूक नाही रे. पहिल्यांदाच."

लेखक माझ्या पायाशी खाली बसले. मला काय वाटले ते सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मी काम चोख केले होते, डुललोसुद्धा नव्हतो, आणि त्याचीच लाज वाटत होती.

ताईने मात्र चष्मा पुसला. "पेनचं खोकं कुठंय?"

खोके केराच्या डब्याजवळ सापडले. ताई छापलेले काहीही वाचते. खोकल्याच्या औषधावरचा मजकूरसुद्धा तिने दुरुस्त करून कंपनीला पाठवला आहे. तिने भिंग घेतले. "हे बघ. 'साठ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत शाई नाहीशी होते. इस्त्री, हीटर यांपासून दूर ठेवावे.' इस्त्री! स्पष्ट लिहिलंय. जन्मभर तू हेच लिहितोस आणि वाचत नाहीस?"

"ताई, ते कोण वाचतं गं?" आमचे लेखक म्हणाले.

"ज्यानं लिहिलंय तो इथे नाही हे बरं आहे," ताई म्हणाली आणि पुढे वाचू लागली. "'अतिशय थंड जागी ठेवल्यास शाई पुन्हा दिसू शकते.' शकते म्हटलंय हां. दिसतेच असं नाही."

पुढच्याच मिनिटाला चौदा पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मटाराच्या पाकिटांमधे झोपवली गेली. "माझ्या मटाराला शाई लागता कामा नये," बाईंनी बजावले. आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "पेशंटचं काय ते फोनवर कळवा."

मग वाट बघणे. लेखकांनी गोष्ट आठवून पुन्हा लिहायला घेतली. अर्ध्या तासात सहा विशेषणे आठवली, ती कोणाची होती ते आठवेना. दर पाच मिनिटांनी ते फ्रीझर उघडत आणि ताई ओरडे, "थंडी जाते! डोकं घालून बसू नकोस त्यात!"

सव्वादोनला पिशवी बाहेर आली. ताईने वरचे पान काढले. शाई परत आली होती. पण मित्रांनो, सगळीच परत आली होती. रबराने घासल्यावर जी नाहीशी होते तीसुद्धा शेवटी उष्णतेनेच जाते ना! फ्रीझरला काय माहीत, लेखकाला कोणते वाक्य ठेवायचे होते? आठवडाभर खोडलेले एकूण एक वाक्य आपल्या जागी येऊन उभे होते आणि त्याच्या डोक्यावर नवे वाक्य. जणू एका बाकड्यावर दोन कुटुंबे बसली होती आणि कोणीच उठायला तयार नव्हते.

"मेलो," लेखक म्हणाले. "हे कोणालाच वाचता येणार नाही."

"मला येतं," ताई म्हणाली. "चौतीस वर्षं दुसरं काय केलं मी? बॉलपेन घे. मी वाचते, तू लिही."

लेखकांचा हात सवयीने बाही शोधत होता. पण पाने ताईच्या हातात होती आणि घड्याळात अडीच वाजत आले होते. त्यांनी माझ्यावर कोरा कागद ठेवला.

"खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं, बरोबर?" ताईने विचारले.

"वरचं सुधारलेलं."

"सुधारलेलं," ताई म्हणाली. "बरं. खाली आहे, 'पहाटे त्याने माती भिजवली.' वर आहे, 'उषेच्या सुवर्णस्पर्शाने पुलकित झालेल्या मृत्तिकेला त्याने जलाचे अर्घ्य दिले.' लिही. पहाटे त्याने माती भिजवली."

"ताई, ते वाक्य चांगलं आहे!"

"चांगलंच आहे. दुसरीकडे कुठेतरी वापर. माती भिजायची राहील."

असे पानामागून पान चालले. कधी लेखक भांडले, दोनदा जिंकलेसुद्धा. मडके फुटल्यावरचा एक परिच्छेद ताईने वरचाच ठेवला आणि म्हणाली, "हे मात्र तू सुधारलंस." आमच्या लेखकांचे कान लाल झाले. चौदा पानांची पाच होत चालली होती. मी मुळीच न डुलता उभा राहायचा प्रयत्न करत होतो.

शेवटच्या पानावर ताई थांबली.

"काय झालं?" लेखक म्हणाले आणि मग त्यांना आठवले. "ताई, तिथलं वरचं घे. तिथलं वरचंच चांगलं आहे."

ताईने वरचे वाचले. "'विश्वाच्या अथांग पोकळीला आकार देण्याच्या विराट तृष्णेने तो चाक फिरवीत राहिला.'" मग भिंग जवळ धरून खालचे वाचले. हळू वाचले. "'माठ बहिणीला आवडला तर बरं एवढंच त्याला वाटत होतं आणि म्हणूनच तो तिला दाखवत नव्हता.'"

रस्त्यावरून कोणी तरी घंटी वाजवत सायकलवरून गेले.

"'बरं'नंतर स्वल्पविराम दे," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, जो मघाशीच पुसून झाला होता. "आणि तेच ठेव."

चारला अकरा मिनिटे असताना लेखक घरातल्या स्लिपरवर धावले. मासिकाची कचेरी दोनच रस्ते पलीकडे. ताईने मला मिटले नाही. खिडकीकडे तोंड करून, हात माझ्यावर ठेवून उभी राहिली. तिच्या हाताचे वजन मी अजून विसरलेलो नाही.

साडेपाचला फोन वाजला. ताईलाही ऐकू यावे म्हणून लेखकांनी तो स्पीकरवर टाकला.

"छापतोय," संपादक म्हणाले. "एका दमात वाचली. इतकी साधी गोष्ट बऱ्याच दिवसांत आली नव्हती. फक्त एक अडचण आहे. थोडी लहान पडते. पाचवं पान अर्धं रिकामं राहतंय. मधे कुठे थोडं निसर्गवर्णन घालता येईल का?"

आमच्या लेखकांचे डोळे एकदम चमकले. उषेपासून अथांग पोकळीपर्यंत सगळा माल शेजारीच पडलेला होता. त्यांनी तोंड उघडले.

ताईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "चित्र टाका," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

अंकात तिथे माठाचे चित्र आले. बाईंनी वॉर्डात सगळ्यांना गोष्ट वाचायला लावली. पेशंट कुठे पळून जाणार होते?

मित्रांनो, मी आता थकलो आहे. पाय गंजले, गादी बसली. नवे कपडे म्हणे इस्त्रीशिवायच सरळ राहतात. माझे काही मागणे नाही. वर्षातून एकदा रिवेटवर तेलाचा थेंब सोडला तरी पुरे. पण तुमच्या घरात कोणी लपूनछपून लिहीत असेल, तर त्याला "यातून मिळतं काय?" असे विचारू नका. "दाखव," म्हणा. तो नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा. आणि दाखवलेच, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. चुका जरूर काढा. त्या असतातच.

आता थांबतो. लेखकांनी आजच नवी गोष्ट सुरू केली आहे. मघाशी पहिले पान घेऊन ते स्वतःहून आतल्या खोलीत गेले आणि रिकाम्या हाताने परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. कान आतल्या खोलीकडे. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आणि आत्ता, हे बघा, आतून आवाज आला:

"छोट्या, दुसरं पान कुठंय?"